ट्रॅकवरचे विक्रम आणि न विसरता येणाऱ्या शर्यती: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

कोल्हापुरात खेळ म्हटलं की आधी तांबडी माती, मग फुटबॉल. पळणाऱ्यांचा नंबर त्यानंतर. तरी सकाळी मैदानावर पोरांना पळवताना आणि शालेय स्पर्धांत स्टॉपवॉच धरून बसताना मला तेच तेच प्रश्न येतात. मुलं विचारतात, पालक फोनवर विचारतात, रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी चहाच्या गाड्यावर विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे. आकडे सप्टेंबर २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेपर्यंतचे धरावेत.

१. जागतिक विक्रम आणि ऑलिम्पिक विक्रम यात फरक काय? ऑलिम्पिकमध्ये जिंकला म्हणजे जगात पहिलाच ना?

त्या दिवशी पहिला, एवढंच. ऑलिम्पिक विक्रम म्हणजे फक्त ऑलिम्पिकमध्ये झालेली सर्वोत्तम कामगिरी. जागतिक विक्रम कुठल्याही मान्यताप्राप्त स्पर्धेत होऊ शकतो. भालाफेकीत अर्शद नदीमनं २०२४ मध्ये पॅरिसला ९२.९७ मीटर फेकून ऑलिम्पिक विक्रम केला, पण जागतिक विक्रम यान झेलेझ्नीचा ९८.४८ मीटरचाच आहे, १९९६ पासून. कधी कधी जुना जागतिक विक्रम मोडतो आणि ऑलिम्पिक विक्रम म्हणून मात्र टिकून राहतो. बॉब बीमनचं तसंच झालं (प्रश्न ८).

२. आजवरचा सगळ्यात वेगवान माणूस कोण?

उसेन बोल्ट. १६ ऑगस्ट २००९, बर्लिन, १०० मीटर ९.५८ सेकंदांत. चारच दिवसांनी त्यानं २०० मीटर १९.१९ सेकंदांत काढलं. दोन्ही विक्रम अजून तसेच आहेत. ९.५८ च्या शर्यतीत ६० ते ८० मीटर हा टप्पा त्यानं १.६१ सेकंदांत पार केला, म्हणजे ताशी साधारण ४४.७ किलोमीटर. दसरा चौकातून जाणाऱ्या केएमटी बसला हा वेग क्वचितच मिळतो.

वर्षभर आधी बीजिंगला त्यानं ९.६९ काढलं तेव्हा शेवटचे काही मीटर तो हात पसरून, छाती ठोकत पळाला होता आणि एका बुटाची नाडी सुटलेली होती. हे वाचून आमची दोन पोरं मुद्दाम नाडी सोडून पळाली. त्यातलं एक आपटलं.

३. बोल्टची ऑलिम्पिक सुवर्णपदकं आठ की नऊ? दोन्ही आकडे वाचायला मिळतात.

आता आठ. २००८, २०१२ आणि २०१६ या तीन ऑलिम्पिकमध्ये प्रत्येकी तीन जिंकून नऊ झाली होती. पण २००८ च्या ४ बाय १०० रिले संघातल्या नेस्टा कार्टरच्या जुन्या नमुन्याची पुन्हा तपासणी झाली, त्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि २०१७ मध्ये जमैकाचं ते पदक गेलं. बोल्टचा स्वतःचा काही दोष नव्हता. रिलेत चौघांचं पदक एकत्र येतं आणि गेलं तर एकत्रच जातं.

४. मिल्खासिंगनी रोममध्ये जागतिक विक्रम मोडला होता, आणि तरी पदक हुकलं, हे खरं का?

अर्धं खरं. ६ सप्टेंबर १९६० ची ४०० मीटरची फायनल. पहिल्या आलेल्या ओटिस डेव्हिसनं ४४.९ चा जागतिक विक्रम केला. मिल्खासिंग चौथे आले, हातघड्याळावर ४५.६. तिसऱ्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सची वेळ होती ४५.५. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये सर्वोत्तम ठरलेल्या ४५.९ पेक्षा हे चौघंही कमी वेळात आले. "विक्रम मोडला" ही गोष्ट बहुधा तिथून पसरली असावी. जागतिक विक्रम मात्र त्यांचा नव्हता.

मधल्या टप्प्यात आपण वेग थोडा आवरला आणि तिथंच पदक गेलं, असं ते स्वतः पुढं आयुष्यभर सांगत राहिले. त्यांची वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून १९९८ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षं टिकली. काही ठिकाणी हीच वेळ ४५.७३ अशी वाचायला मिळते. ती चूक नाही, कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

५. पी. टी. उषाचं पदक नेमकं किती फरकानं गेलं?

सेकंदाच्या शंभराव्या भागानं. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळा शर्यत. महिलांसाठी ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा आली. सुवर्ण मोरोक्कोच्या नवाल एल मुतवाकिलनं ५४.६१ मध्ये घेतलं. ब्राँझ रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूला, ५५.४१. उषा ५५.४२.

मुलांना शंभरावा भाग कळत नाही, म्हणून मी अंतरात सांगतो. त्या शर्यतीचा सरासरी वेग सेकंदाला सात मीटरच्या थोडा वर होता. शंभराव्या भागात सात सेंटिमीटर. तळहाताची चार बोटं जुळवून धरा, तेवढं. आणि ती चार बोटं पुढं आणण्यासाठी शेवटच्या पावलाला छाती झोकून द्यायची असते, म्हणून आम्ही सकाळच्या सरावात फिनिशवर झुकायला लावतो आणि पोरं कुरकुरतात.

५५.४२ हा राष्ट्रीय विक्रम ३९ वर्षं एकट्या उषाच्या नावावर होता. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विद्या रामराजनं बरोब्बर तीच वेळ काढली. शंभराव्या भागानं पदक घालवलेल्या वेळेची बरोबरीही शंभराव्या भागापर्यंत तंतोतंत व्हावी, याचं मला अजून नवल वाटतं.

६. वारा पाठीमागून असला की विक्रम धरत नाहीत म्हणे. किती वारा चालतो?

सेकंदाला २.० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर. त्याच्या वर गेला की निकाल धरतात, पदकही मिळतं, पण वेळ विक्रमाच्या वहीत जात नाही. हे १००, २०० मीटर, १०० आणि ११० मीटर अडथळे, लांब उडी आणि तिहेरी उडी यांनाच लागू आहे. ४०० मीटरला पूर्ण फेरी होते, वारा एकदा ढकलतो, एकदा अडवतो, म्हणून तिथं मोजत नाहीत. भालाफेक, थाळीफेकीलाही मोजत नाहीत. तिथं वाऱ्याचा अंदाज घेणं हा फेकणाऱ्याच्या कसबाचाच भाग आहे.

अमेरिकेच्या टायसन गेनं २००८ मध्ये १०० मीटर ९.६८ मध्ये काढलं. तेव्हा जागतिक विक्रम ९.७२ होता. पण पाठीमागून वारा होता ४.१, म्हणून ती वेळ विक्रम ठरली नाही. जूनमध्ये पावसाआधी आपल्याकडं जो वारा सुटतो त्यात आपलं पोरगं एकदम जोरात पळायला लागलं असं वाटत असेल, तर एकदा त्याला उलट्या दिशेनंही पळवून बघा.

७. आमच्या मुलाची शाळेत १०० मीटरची वेळ १०.९ लागली. मग राज्य स्पर्धेत ११.४ कशी? त्यानं सराव सोडलाय का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि एका मुलाच्या बाबतीत तर घड्याळ माझ्याच हातात होतं.

स्टॉपवॉचवर वेळ घेणारा फिनिशपाशी उभा असतो, म्हणजे सुरुवातीपासून १०० मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. क्लॅपरचा (दोन फळ्या एकमेकींवर आपटून सुरुवातीचा आवाज करतात तो) ठोका माझ्या कानावर पोहोचेपर्यंत सेकंदाचे सुमारे तीन दशांश गेलेले असतात. म्हणून नियम असा की आवाजावर बटण दाबायचं नाही. बंदुकीचा धूर किंवा ठिणगी दिसली, क्लॅपरच्या फळ्या मिटताना दिसल्या, की दाबायचं. त्या दिवशी समोर ऊन होतं, मला फळ्या दिसल्या नाहीत, मी आवाजावर दाबलं. त्या घरी पेढे वाटले गेले. दोन महिन्यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रावर त्याची खरी वेळ आली तेव्हा बापानं पोराला बोल लावला. बोल मला लावायला हवा होता.

नीट घेतलेली हातघड्याळाची वेळसुद्धा यंत्रापेक्षा कमीच येते. १०० आणि २०० मीटरला तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवायचे, ४०० ला ०.१४. शिवाय हातघड्याळाची वेळ पुढच्या दशांशावर न्यायची असते: १०.९१ दिसलं तरी लिहायचं ११.०.

आता मिल्खासिंगांकडे. ४५.६ ही अधिकाऱ्यांनी हातानं घेतलेली वेळ, ४५.७३ ही यंत्राची. शर्यत एकच. १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांना फक्त यंत्राची वेळ धरतात.

८. बॉब बीमनच्या लांब उडीचं एवढं कौतुक का? विक्रम तर मोडला की.

मोडला, पण कौतुक उडीच्या आकड्याइतकंच आधीच्या आकड्यांमुळे आहे. जेसी ओवेन्सनं १९३५ मध्ये ८.१३ मीटर उडी मारली. ती पंचवीस वर्षं टिकली. मग पुढच्या मंडळींनी थोडे थोडे सेंटिमीटर वाढवत १९६७ पर्यंत विक्रम ८.३५ वर आणला. बत्तीस वर्षांत २२ सेंटिमीटर.

१८ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी. बीमनची पहिलीच उडी. मोजण्यासाठी रुळावर सरकणारं दुर्बिणीचं नवं यंत्र होतं. ते सरकत सरकत रुळाच्या टोकाला गेलं, आणि उडी त्याच्याही पुढं पडलेली. मग पोलादी टेप मागवून मोजावं लागलं. फलकावर ८.९० आलं तेव्हा बीमनला मीटरचा अंदाज नव्हता, तो शांत होता. कुणीतरी फुटांत सांगितलं, २९ फूट अडीच इंच, तेव्हा त्याचे पाय गळाले आणि तो ट्रॅकवरच बसला. एका उडीत ५५ सेंटिमीटर. दुसऱ्या आलेल्याची उडी होती ८.१९.

विक्रमाला खुसपट काढायला जागा आहे. वारा बरोब्बर २.० होता, परवानगीच्या शेवटच्या रेघेवर. शहर उंचावर, हवा पातळ (प्रश्न ९). पण तोच वारा आणि तीच हवा त्या दिवशी बाकीच्यांनाही मिळाली होती.

तो मोडला ३० ऑगस्ट १९९१ ला टोकियोत, आणि ती संध्याकाळ बीमनइतकीच मोठी. कार्ल लुईस लांब उडीत लागोपाठ ६५ स्पर्धा हरला नव्हता. त्यानं ८.९१ मारली, बीमनच्या एक सेंटिमीटर पुढं, पण वारा २.९, म्हणून विक्रम नाही. लगेच पुढच्या फेरीत माइक पॉवेलनं ८.९५ मारली, वारा फक्त ०.३. लुईस आयुष्यातली सर्वांत लांब उडी मारून दुसरा आला. पॉवेलचा जागतिक विक्रम आजही उभा आहे. ऑलिम्पिक विक्रम अजून बीमनचा.

९. मेक्सिकोत उंचीचा फायदा मिळाला, तर कोल्हापूरही उंचावर आहे. आपल्याला मिळतो का?

नाही. मेक्सिको सिटी सुमारे २२४० मीटरवर आहे, कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. नोंदीत वेगळी खूण करतात ती १००० मीटरच्या वरच्या ठिकाणांना, तेव्हा महाबळेश्वरला कुणी स्पर्धा भरवली तर ती खूण लागेल.

पातळ हवेत अडथळा कमी, म्हणून छोट्या शर्यती आणि उड्या सोप्या जातात. जिम हाइन्सनं मेक्सिकोतच १०० मीटर ९.९५ मध्ये काढलं, यंत्राच्या घड्याळावर दहाच्या आत आलेला तो पहिला. सिंथेटिक ट्रॅकवरचं ते पहिलंच ऑलिम्पिक, त्याचाही हातभार होता. लांबच्या शर्यतींत मात्र प्राणवायू कमी पडतो. तिथं दमछाक झाली नाही ती डोंगराळ भागातून आलेल्यांची. केनियाचा किप केइनो १५०० मीटर जिंकला तो असाच.

१०. आधीच पळाला म्हणून बाद करतात ते समजलं. पण बंदुकीनंतर पळूनही कसं बाद करतात?

कारण कान ते मेंदू ते पाय या प्रवासाला किमान ०.१०० सेकंद लागतात असं नियम धरून चालतो. पाय टेकवायच्या स्टार्टिंग ब्लॉकमधल्या यंत्रानं त्याच्या आतली हालचाल टिपली तर तुम्ही आवाज ऐकून निघाला नाही, अंदाजानं निघालात, असं मानतात. २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या फायनलला डेव्हन ॲलनचा आकडा आला ०.०९९. हजारावा भाग कमी. बाहेर. स्वतःच्याच देशातल्या प्रेक्षकांसमोर. माझ्या मते ही मर्यादा इतकी काटेकोर ठेवणं अन्यायाचं आहे, पण नियम आहे.

२०१० पासून पहिल्याच चुकीला बाद करतात, आणि त्याचा सगळ्यात मोठा बळी खुद्द बोल्ट, २०११ ची देगू जागतिक स्पर्धा. सुवर्ण योहान ब्लेकला गेलं. डेकॅथलॉनसारख्या बहुविध स्पर्धांत मात्र एक चूक अजून माफ आहे.

११. पॅरिसच्या १०० मीटरला दोघांची वेळ ९.७९ दाखवत होते. मग एकालाच सुवर्ण का?

फलकावर शंभरावा भाग दिसतो, फोटो फिनिशचा कॅमेरा हजारावा दाखवतो. नोआ लाइल्स ९.७८४, किशेन थॉम्पसन ९.७८९. पाच हजारांश म्हणजे त्या वेगाला साधारण सहा सेंटिमीटर. मोजतात ती छाती-धडाची कड. डोकं, हात, पाय धरत नाहीत. म्हणूनच फोटोत थॉम्पसनचा पाय पुढं दिसतो आणि लोक मला फोटो पाठवून विचारतात. लाइल्स ३० मीटरला आठ जणांत शेवटचा होता, हे त्या फोटोत दिसत नाही.

१२. दोघांना एकच सुवर्ण देतात तेही पाहिलंय. कुस्तीसारखी बरोबरीत सोडवतात का?

खासबागेत मोठी कुस्ती बरोबरीत सोडवली की गर्दी काय करते ते आपल्याला माहीत आहे. टोकियोत १ ऑगस्ट २०२१ ला उलट झालं. उंच उडीत कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी दोघंही २.३७ वर एकही चूक न करता पोहोचले, २.३९ ला दोघांचे तिन्ही प्रयत्न फसले. पंच पुढच्या निर्णायक उडीचं सांगायला लागले, तर बर्शिमनं विचारलं की दोन सुवर्णं देता येतील का. नियमात तशी सोय आहे. दोघंही दुखापतींतून परत आलेले, जुने मित्र. ताम्बेरी तर जमिनीवर लोळायलाच लागला.

सोय आहे, सक्ती नाही. पॅरिसला न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन असेच बरोबरीत होते. ते निर्णायक उड्यांना गेले. केरला सुवर्ण, मॅकइवनला रौप्य.

१३. बांबू उडीतला (पोल व्हॉल्ट) डुप्लांटिस दरवेळी एकच सेंटिमीटर का वाढवतो? एकदम दहा वाढवून मोकळं का होत नाही?

प्रत्येक नव्या विक्रमाला बक्षिसाची रक्कम वेगळी मिळते, हे एक कारण. त्याच्याआधी सर्गेई बुबकानंही असंच सेंटिमीटरनं चढत उघड्या आणि बंदिस्त मैदानातले मिळून ३५ विक्रम केले. आर्मंड डुप्लांटिस सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत ६.३० वर पोहोचला, तो त्याचा चौदावा. दुसरं कारण असं की विक्रम होईपर्यंत अंगात आधीच्या उड्यांचा थकवा साठलेला असतो. दहा सेंटिमीटर वर लावून तीनदा पाडण्यापेक्षा एकावर पार होणं शहाणपणाचं. बांबू उडी हे आपलं जुनं नाव, काठी आता फायबरची असते.

१४. भाल्याचा विक्रम १०४ मीटर होता असं आजोबा सांगतात. नीरज तर ९० च्या आसपास. मग भालाफेक मागं गेली का?

आजोबा बरोबर आहेत. पूर्व जर्मनीच्या उवे होननं २० जुलै १९८४ ला १०४.८० मीटर फेकला. भाला असाच लांबत गेला तर मैदान पुरणार नाही आणि पलीकडच्या ट्रॅकवरच्या कुणाला लागेल, अशी भीती उभी राहिली. शिवाय जुना भाला बऱ्याचदा आडवा पडायचा, टोक टेकलं की नाही यावर वाद व्हायचे. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढं आणला. त्यामुळे टोक लवकर खाली येतं आणि भाला आधी पडतो. वजन तेच, ८०० ग्रॅम. विक्रम नव्यानं मोजायला घेतले.

म्हणून होनचा आकडा आणि आजचे आकडे एका रांगेत लावायचे नाहीत. नीरज चोप्रानं ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत दुसऱ्या फेकीत ८७.५८ टाकून भारताला ॲथलेटिक्समधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण दिलं, आणि मे २०२५ मध्ये दोह्याला ९०.२३ करून नव्वदी ओलांडली. तरी दोह्याला तो दुसरा आला, जर्मनीच्या युलियान वेबरनं ९१.०६ टाकला. होन काही काळ नीरजचा प्रशिक्षक होता, आणि नंतर झेलेझ्नीही.

१५. महिलांचे एवढे विक्रम १९८० च्या दशकातलेच का? सगळे ड्रग्जवाले होते का?

सगळे होते असं म्हणता येत नाही, आणि कुणीच नव्हतं असंही कुणी म्हणत नाही. ८०० मीटर: यार्मिला क्राटोखविलोवा, १:५३.२८, १९८३. ४०० मीटर: पूर्व जर्मनीची मारिटा कोख, ४७.६०, १९८५. १०० मीटर: फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर, १०.४९, १९८८. पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी योजनेनं उत्तेजकं दिली जात, हे तो देश संपल्यावर कागदपत्रांतून बाहेर आलं. पण वरच्या तिघींपैकी कुणाचीही चाचणी त्या काळात दोषी ठरली नाही, आणि विक्रम काढून घ्यायला पुरावा लागतो. बेन जॉन्सनचं सोलमधलं १०० मीटरचं ९.७९ तीन दिवसांत गेलं ते पुराव्यावर.

१०.४९ बद्दलची शंका वेगळी आहे. त्या शर्यतीला वारामापकानं ०.० दाखवलं, आणि त्याच वेळी शेजारच्या तिहेरी उडीला ४.३ वारा मोजला जात होता. माझ्या मते यंत्र बिघडलं होतं. विक्रम अजून तिच्याच नावावर आहे. कोखच्या जवळ मात्र कुणीतरी पोहोचलं: सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्रोन, टोकियो २०२५, ४७.७८.

१६. चार मिनिटांत मैल अशक्य होता, बॅनिस्टरनं केल्यावर लगेच सगळ्यांना जमलं. मनाचीच भिंत होती ना?

प्रेरणादायी भाषणांत हे हमखास येतं. तारीख खरी आहे: ६ मे १९५४, ऑक्सफर्ड, रॉजर बॅनिस्टर, ३:५९.४. बाकी गोष्ट फुगवलेली. विक्रम १९४५ पासून ४:०१.४ वर अडला होता, आणि चार मिनिटांच्या आत येण्यासाठी ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी आणि अमेरिकेचा वेस सँटी दोघंही धडपडत होते. तिघांपैकी कुणीतरी पोहोचणारच होता. लँडी ४६ दिवसांनी ३:५७.९ मध्ये आला. "लगेच सगळे" म्हणाल तर त्या वर्षभरात या दोघांशिवाय एकालाही जमलं नाही.

बॅनिस्टरला ब्रॅशर आणि चॅटवे या मित्रांनी आळीपाळीनं पुढं राहून वेग धरून दिला. ते चालतं, कारण तेही शर्यतीत सुरुवातीपासून होते. एलियुड किपचोगेचं व्हिएन्नातलं मॅरेथॉनचं १:५९:४० (१२ ऑक्टोबर २०१९) विक्रमात धरलं नाही, कारण तिथं ताज्या दमाचे पेसर मध्येच येत होते, गाडीतून रस्त्यावर लेझरची रेघ पडत होती आणि शर्यत इतरांसाठी खुली नव्हती. फेथ किपयेगॉननं जून २०२५ मध्ये पॅरिसला मैल ४:०७ च्या आत काढला, तोही वहीत नाही. तिचा मान्य विक्रम ४:०७.६४ आहे.

१७. तुमच्या मते सगळ्यात भारी शर्यत कोणती?

पुरुषांची ८०० मीटर, लंडन, ९ ऑगस्ट २०१२. डेव्हिड रुडिशा पहिल्या पावलापासून पुढं. पेसर नाही, मागं लपणं नाही. पहिली फेरी ४९.२८, शेवट १:४०.९१. नवा जागतिक विक्रम. पण मला ती शर्यत आवडते ती मागच्या सात जणांसाठी. शेवटच्या आलेल्याची वेळ होती १:४३.७७, आणि त्या वेळेत आधीच्या तिन्ही ऑलिम्पिकची सुवर्णं जिंकता आली असती. एकानं पुढं राहून जीव तोडून पळायचं ठरवलं आणि सगळी रांग ओढली गेली.

आपल्याही एकानं असं केलंय. १९७६, माँट्रियल, हीच शर्यत. पहिली फेरी संपली तेव्हा सगळ्यांच्या पुढं होता भारताचा श्रीराम सिंग. क्युबाच्या अल्बेर्तो हुआंतोरेनानं १:४३.५० चा जागतिक विक्रम केला, श्रीराम १:४५.७७ मध्ये सातवे. ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत, ४२ वर्षं टिकली. मिल्खासिंगांपेक्षा जास्त. श्रीरामांचं नाव मात्र आमच्या मैदानावर दहातल्या एकालाही ठाऊक नसतं.

१८. आपल्या भागातलं कुणी आहे का? कुस्ती-नेमबाजी सोडून सांगा.

सोडणं अवघड आहे, तरी. फडेप्पा चौगुले, शेजारच्या बेळगावचे. १९२० मध्ये अँटवर्पला मॅरेथॉन पळाले, एकोणिसावे आले. ऑलिम्पिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन होती, ४२.७५ किलोमीटर.

ललिता बाबर, माण तालुक्यातल्या मोहीच्या. दुष्काळी भाग. २०१६ मध्ये रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) प्राथमिक फेरीत ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम करून फायनल गाठली, दहाव्या आल्या. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवर ऑलिम्पिक फायनलला गेलेली पहिली भारतीय महिला.

अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. महार रेजिमेंटचे जवान, सियाचीनला राहून आलेले. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, २०२२ मध्ये, याच ३००० मीटर स्टीपलचेसला ८:११.२० काढून रौप्य. सुवर्ण गेलं ०.०५ सेकंदानं, म्हणजे फूटभर. पण १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं प्रत्येक वेळी केनियाच नेत होता, ती साखळी त्या दिवशी तुटली.

आणि एक योगायोग. १९५२ ला हेलसिंकीत एमिल झाटोपेकनं ५०००, १०००० आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्ही जिंकल्या. असं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. त्याच्या ५००० च्या फायनलच्या आदल्या दिवशी, त्याच शहरात, आपल्या राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ जिंकलं.

१९. विक्रम नाही, पदक नाही, तरी लोक आठवतात अशी एखादी शर्यत?

१९९२, बार्सिलोना, ४०० मीटरची उपांत्य फेरी. ब्रिटनच्या डेरेक रेडमंडचा मांडीमागचा स्नायू वाटेतच फाटला. तो उठला आणि एका पायावर लंगडत निघाला. स्टँडमधून एक माणूस सुरक्षारक्षकांना बाजूला सारत ट्रॅकवर आला, त्याचा बाप. दोघं खांद्यावर हात टाकून रेघेपर्यंत गेले. निकालात नियमाप्रमाणे तो बाद.

२०. जेसी ओवेन्सनं एका तासात चार विक्रम केले हे खरं का?

तासही लागला नाही, साधारण ४५ मिनिटं. २५ मे १९३५, अमेरिकेतलं ॲन आर्बर. पाठ दुखत असताना १०० यार्डांच्या विक्रमाशी बरोबरी, मग लांब उडी ८.१३, मग २२० यार्ड आणि २२० यार्ड अडथळे, तिन्ही नवे. रविवारी सकाळी आपल्याकडं मिसळीच्या दुकानात नंबर लागायला याहून जास्त वेळ जातो. ट्रॅक कोळशाच्या राखेचा होता. पुढच्या वर्षीची बर्लिनची चार सुवर्णं सगळ्यांना माहीत असतात. जाणकार या दुपारीबद्दल बोलतात.

२१. आम्ही पन्हाळ्यावरून कोल्हापूरपर्यंत पळत आलो, अर्ध मॅरेथॉनला भन्नाट वेळ आली. कुठं नोंदवायची?

तुमच्या वहीत. रस्त्यावरच्या विक्रमासाठी सुरुवात ते शेवट मिळून उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे एकवीस किलोमीटरला एकवीस मीटर. तुम्ही पन्हाळ्याचा अख्खा घाट उतरून आलात. दुसरा नियम, सुरुवात आणि शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, नाहीतर वारा सारा वेळ पाठीमागून मिळू शकतो.

याच नियमांनी बोस्टनच्या वेळा विक्रमात बसत नाहीत. २०११ मध्ये तिथं जेफ्री मुताईनं २:०३:०२ काढलं. तेव्हाचा जागतिक विक्रम होता २:०३:५९. मुताई ५७ सेकंद पुढं, तरी विक्रम नाही. तुम्ही उलट दिशेनं, कोल्हापूरहून पन्हाळ्यावर पळत गेलात तर उताराचा नियम आड येणार नाही. सरळ अंतराचा तरीही येईल.